किटवर फॉस्फेट ०.०३ आणि आयसीपीत तिप्पट? ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिकचा घोळ

रीफ टँकवाल्यांचा (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल पाळणाऱ्यांचा) हा गोंधळ कायम दिसतो, घरच्या किटवर फॉस्फेट ०.०३ पीपीएम येतं, मग लॅबमधून आयसीपीचा (पाण्यातली मूलद्रव्यं प्लाझ्मात मोजणारी टेस्ट) रिपोर्ट येतो आणि त्यातून हिशोब केला की ०.०९, आणि लगेच किट खराब आहे म्हणून नवीन मागवायची घाई. पण थांबा, बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, कारण दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

घरचं फॉस्फेट किट फक्त ऑर्थोफॉस्फेट पकडतं, म्हणजे पाण्यात मोकळं असलेलं इनऑरगॅनिक फॉस्फेट. मॉलिब्डेट त्याच्याशी जुळतं, मग एस्कॉर्बिक ॲसिडसारख्या रिड्युसरने निळा रंग येतो, आणि तो रंग आपण डोळ्यांनी किंवा चेकरने (रंग मोजणारा छोटा डिजिटल मीटर) वाचतो. जे फॉस्फरस एखाद्या ऑरगॅनिक रेणूत अडकलंय, म्हणजे न खाल्लेल्या खाण्यातून, माशांच्या विष्ठेतून, मेलेल्या अल्गीतून सुटलेलं, ते या किटला जवळजवळ दिसतच नाही. आयसीपीचं तसं नाही, तिथे प्लाझ्माच्या प्रचंड तापमानात सगळे रेणू फुटतात आणि फॉस्फरस कुठून आलं याच्याशी मशीनला काही देणंघेणं नसतं, टोटल फॉस्फरस मोजलं जातं. समजा रिपोर्टमध्ये फॉस्फरस ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, तर त्याला ३.०७ ने गुणलं की फॉस्फेट साधारण ०.०९ पीपीएम. हा गुणाकार न करता फॉस्फरस आणि फॉस्फेट थेट ताडून बघणारेही बरेच आहेत, त्यामुळे आधी युनिट बघा. उरलेला फरक मुख्यतः ऑरगॅनिक फॉस्फरसचा, थोडा पॉलीफॉस्फेट (फॉस्फेटच्या साखळ्या) आणि तरंगणाऱ्या बारीक कणांचा.

नायट्रेटची गोष्ट वेगळी आहे. किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करतं, मग त्याचा गुलाबी रंग बनतो, म्हणून टँकमध्ये नायट्राइट असेल तर रीडिंग फुगतं. अमिनो ॲसिड, प्रोटीन यातलं नायट्रोजन इथेही किटच्या नजरेतून सुटतंच, आणि आयसीपी इथे कामाची नाही कारण ती नायट्रोजन मोजत नाही (नायट्रेट देणारी लॅब ते वेगळ्या पद्धतीने काढते).

मग ऑरगॅनिक मोजायचं कसं? खरं सांगायचं तर घरी नीट मोजता येत नाही. लॅबमध्ये टीओसी (टोटल ऑरगॅनिक कार्बन) टेस्ट होते, त्यात ऑरगॅनिक कार्बन जाळून किंवा केमिकलने ऑक्सिडाइज करून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तरी तो कार्बनचा आकडा, त्यातून नायट्रोजन फॉस्फरस किती ते कळत नाही, आणि बॅक्टेरियाला कार्बन मिळावा म्हणून व्होडका किंवा व्हिनेगर डोस करत असाल तर तो आणखीच गोंधळात टाकतो. घरी पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी आणि नवीन मिठाचं पाणी शेजारी ठेवून पिवळटपणा बघणं हाच माझ्या मते सगळ्यात उपयोगी इशारा, पण तो आकडा नाही हे लक्षात असू द्या.

हा फरक कळला की उपायही बदलतो. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे आयर्न ऑक्साइडचे दाणे) मुख्यतः मोकळं फॉस्फेट धरतं, त्यामुळे किटवर ०.०३ असताना ऑरगॅनिकच्या भीतीने जीएफओ वाढवलंत तर मोकळं फॉस्फेट शून्याला जाईल, कोरल फिके पडतील, आणि नायट्रेट फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, टँकमध्ये पसरणारे त्रासदायक सूक्ष्मजीव) डोकं वर काढायची भीती, ऑरगॅनिक मात्र बऱ्यापैकी तसंच राहील. त्याच्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, पाणी बदलणं आणि स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र, तोही एक भागच काढतो, फेसाला चिकटणारे रेणू तेवढे). आणि ऑरगॅनिक म्हणजे विष नव्हे बरं का, बॅक्टेरिया तेच फोडून हळूहळू ऑर्थोफॉस्फेट आणि अमोनिया करत राहतात.

म्हणूनच किटसाठी काढलेलं पाणी बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी टेस्ट करू नका, तोवर बाटलीतलेच बॅक्टेरिया आकडा बदलून ठेवतात. आयसीपीशी तुलना करायची असेल तर सॅम्पल भरता त्याच वेळी किटही करा आणि आकडा लिहून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांनी रिपोर्ट आल्यावर त्या दिवशीच्या टँकशी तो ताडून बघण्यात अर्थ नाही.