धार लावायचा दगड: कुरुंदापासून कार्बोरंडमपर्यंत

ठाण्यात दगडाला तोटा नाही. येऊरचा डोंगर, पारसिकची टेकडी, घरातला पाटा-वरवंटा, सगळा काळा बसाल्टच. पण त्यावर सुरीला धड धार लागत नाही. कठीणपणाच्या १ ते १० अशा मोह्‌स मापावर बसाल्टचा कठीणपणा साधारण ६ आणि पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या पोलादाचाही जवळपास तेवढाच, मग कापणार कोण कोणाला? ओट्याचा कडाप्पा तर चुनखडी, ३ च्या आसपास. त्यावर सुरी घासली की झिजतो तो ओटा.

त्यामुळे धारेचा दगड पूर्वी बाहेरून यायचा. सालेम, म्हैसूरकडे सापडणारा कुरुंद हा खनिज दगड ९ कठीणपणाचा. त्याची भुकटी लाखेत कालवून साणेचे चाक घडवत आणि शिकलगार त्यावर हत्यारे पाजळत. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दसुद्धा तमिळ ‘कुरुंदम’वरून गेलेला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले. हिरा मिळाला नाही, पण कुरुंदापेक्षाही कठीण स्फटिक हाती लागले. ते कार्बन आणि कुरुंदाचे संयुग असावे असे समजून त्याने नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. समज चुकीचा ठरला, नाव मात्र टिकले. १९४१ मध्ये उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेल कंपनीने साणेची चाके बनवायला सुरुवात केली आणि धारेचा दगड खाडीपलीकडेच तयार होऊ लागला.

हार्डवेअरच्या दुकानातल्या दगडाला एक बाजू खरखरीत, एक बारीक असते. खरखरीत बाजू फक्त कपचा उडालेल्या पात्याला. पाते ४ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंमी उचलावी, म्हणजे १५ अंश साधतात. कोयत्याला २५ अंश हवेत, नाहीतर फांदीवर कड दुमडते. पलीकडच्या बाजूला नखाला बर, म्हणजे कडेवर वळलेली पोलादाची बारीक खरखरीत किनार, लागेपर्यंत घासायचे, मगच पाते उलटायचे. बर येण्याआधीच बाजू बदलली की कितीही घासा, धार येत नाही. बहुतेकांचे इथेच चुकते. विळीचे पाते पाटाला जखडलेले, तिथे दगडच हातात घेऊन फिरवावा. छाटणीच्या कात्रीची उतरती बाजूच घासावी. सपाट बाजूवरून फक्त बर काढायची, नाहीतर दोन पात्यांत फट पडते आणि डहाळी कापली न जाता चेपते.

सायकलवाल्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात त्या बघायलाच छान. पात्यावर निळी झाक आली म्हणजे कड ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून पोलादाचे पाणी उतरले. चार दिवसांत टोमॅटोही चिरत नाही.

दगडाला एकदा तेल पाजले की नंतर पाणी चालत नाही. खोबरेल नकोच, थंडीत थिजते, एरवी चिकटून छिद्रे बुजवते. शिवणयंत्राचे तेल बरे. दगड मधोमध खोलगट झाला तर काचेवर १२० नंबरचा काळा वॉटर पेपर ठेवून, पाणी टाकून सपाट करावा. पेपरावरचे काळे कण म्हणजे तेच सिलिकॉन कार्बाइड.