आडदांड शत्रूची कुळकथा

रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ) नव्याने खेळणाऱ्याची गाठ सुरुवातीलाच एखाद्या आडदांड गड्याशी पडते. हातात सोटा, अंगात रग, डोक्यात अंधार. समोर येतो आणि मरेपर्यंत हाणत राहतो. कुडाळ-सावंतवाडीकडच्या खेळाडूंना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. दशावतारात राक्षसाचा प्रवेश लागला की मृदंग आणि झांज काय कल्लोळ करतात, ते त्यांच्या कानात लहानपणापासून असतं. खेळातला हा गडी मात्र आला युद्धखेळातून.

अमेरिकेत १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हे नियम छापले. टेबलावर चिमुकले सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळायच्या, असा तो प्रकार. त्याच्या पुरवणीत ओगर, ट्रोल, ड्रॅगन असे कल्पित राक्षस शिरले. तिथे एका हीरोचं बळ चार सैनिकांएवढं धरलं होतं. राक्षस असो की वीर, तो किती माणसांना भारी, एवढाच सवाल. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं, तेव्हा हाच हिशेब 'हिट डाइस'मध्ये, म्हणजे मार सोसायचं बळ ठरवणाऱ्या फाशांमध्ये गेला: ऑर्क या साध्या राक्षसाला एक फासा, ओगरला चार आणि वर एक पॉइंट. या साधेपणामागे अडाणीपणा नव्हता, सोय होती. गेम चालवणारा डीएम (डंजन मास्टर) एकटा, आकडेमोड कागदावर. सहा ऑर्क एकदम नाचवायचे तर प्रत्येकाला मंत्र आणि डावपेच कुठून देणार?

पुढे कॉम्प्युटरवर आकडेमोडीचा ताप गेला, तरी हा गडी टिकला. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये एका शहराच्या वेशीवर गोलेम उभा असतो. नुसत्या ताकदीने त्याच्याशी भिडलात तर मार खाल. बासरी वाजवली की तो झोपतो. पोकेमॉनमध्ये २००२ साली स्लेकिंग आला. अंगात प्रचंड बळ, पण स्वभावच असा की एक पाळी लढणार आणि एक पाळी लोळणार. कुंभकर्णच म्हणायचा. दोन्हीकडे शत्रू साधाच ठेवलाय, फक्त त्याच्या बळात एक फट सोडलीय.

टेबलावरच्या खेळात या गड्याला रीतसर पद मिळालं ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत. प्रत्येक राक्षसाला भूमिका ठरवून दिली: ब्रूट (आडदांड), सोल्जर (शिपाई), लर्कर (दबा धरणारा) वगैरे. ब्रूटला दर लेव्हलला (पायरीला) १० एचपी, म्हणजे मार सोसायचे गुण, सोल्जरला ८, लर्करला ६. उलट ब्रूटचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) त्याच लेव्हलच्या सोल्जरपेक्षा ४ ने कमी. म्हणजे वार लागायला सोपा, मरायला चिवट. कागदावर हे फार नेटकं दिसलं, टेबलावर मात्र लढती रेंगाळू लागल्या. शेवटी २०१० मध्ये राक्षसांचा मारा वाढवावा लागला. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. आडदांड शत्रूला आणखी एचपी देणं हा सगळ्यात आळशी उपाय. जो लवकर मरत नाही आणि फारशी इजाही करत नाही, त्याची भीती कोणाला?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ओगर या बाबतीत छान जमलाय. एचपी ५९, आर्मर क्लास फक्त ११, बुद्धी ५. पण सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा, आणि पहिल्या लेव्हलचा जादूगार तेवढ्यात आडवा होतो. वार करताना वीस बाजूंच्या फाशावर ५ मिळवणाऱ्याचे चारातले तीन वार ओगरला लागतात. गॉब्लिन या छोट्या राक्षसावर त्याच हाताचे निम्म्याहून जरा जास्त. नवख्याला वार लागल्याचं सुख मिळतं आणि धडकीही भरते.

कोकणातल्या डीएमला दशावतारातून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे संकासुर. वेद चोरणारा, शेवटी विष्णूच्या हातून मरणारा असुर, पण रंगमंचावर तो मालवणीत टोमणे मारत प्रेक्षकांना हसवतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात, रोल-प्लेइंगचंही तेच. सोटा खांद्यावर टाकून 'येवा, कोकण आपलाच आसा' म्हणणारा ओगर टेबलावर लक्षात राहतो, आणि त्यासाठी नियमांतला एक आकडाही बदलावा लागत नाही.

आणि परिस्थिती बांधायची तर महाभारतातला बकासुर आहेच. गावाने पाळीपाळीने अन्नाचा गाडा पाठवायचा, सोबत रेडे आणि एक माणूस. भीम गाडा घेऊन जातो आणि त्याच्यासमोर बसून स्वतःच जेवतो. पाठीत गुद्दे पडतात तरी घास सुटत नाही. (एचपी भरपूर असलेल्या खेळाडूची हीच मस्ती असते.) यात बकासुराला एकही विशेष शक्ती लागत नाही. गाडा वेळेत पोचला नाही तर तो गावात उतरणार, एवढं डीएमने आधी सांगून ठेवलं की पुढचं खेळाडू आपसात भांडून ठरवतात: गाड्यात कोण बसणार, रेडे कोण सोडवणार आणि आधी जेवायचं की आधी मारायचं.