सीटीच्या फॉर्मवर थायरॉइडचा रकाना आला कुठून?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सेंटरवर सीटी स्कॅनला गेलो, तर फॉर्मवर किडनी, दमा, ॲलर्जीच्या खालीच 'थायरॉइडचा त्रास आहे का?' असा रकाना. शेजारच्या काकू टेक्निशियनला म्हणाल्या, "अहो, माझा पोटाचा सीटी आहे, गळ्याचा नाही." शंका रास्तच. खोट आहे ती शिरेतून देतात त्या डायमधल्या आयोडीनमध्ये, अंगभर ऊन ऊन वाटतं ना, तीच डाय.

1811 मध्ये फ्रान्सच्या कूर्त्वा या रसायनतज्ज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने ते गलगंडावर, म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या सुजेवर दिलं. गाठी ओसरल्या, पण काहींची छाती धडधडू लागली, वजन उतरू लागलं. औषधच बाधलं! एक्स-रेशी गाठ मात्र योगायोगाने पडली: 1923 मध्ये अमेरिकेत सिफिलिससाठी सोडियम आयोडाइड घेणाऱ्यांचं मूत्राशय फिल्मवर उमटलं. आयोडीनचा अणू जड, क्ष-किरण अडवतो. आजची डाय त्याच वाटेने आली.

आता हिशेब बघा. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. 100 मिली डायमध्ये ते सुमारे 30 ग्रॅम असतं, म्हणजे साडेपाचशे वर्षांचा शिधा! बहुतेक भाग रेणूत घट्ट बांधलेला, लघवीवाटे जातो. पण सुटा राहिलेला अंशही ग्रंथीला भारीच.

एवढा लोंढा आला की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी 1948 मध्ये उंदरांवर दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत घेणं कमी करून पुन्हा कामाला लागते. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्यांची, नवजात बाळांची कधी कधी अडकून पडते आणि हार्मोन घटतं. उलट जुन्या गाठी असलेली ग्रंथी मिळेल तेवढं आयोडीन वापरून हार्मोन वाढवते. क्वांदेच्या रोग्यांचं तेच झालं असणार. हा त्रास काही आठवड्यांनीही उपटतो, म्हणून डायवर संशय जात नाही.

खाडीपलीकडे वाशीला 'ब्रिट' या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत थायरॉइडच्या तपासणी-उपचारांसाठी किरणोत्सारी आयोडीन तयार होतं. डायने ग्रंथी आधीच भरलेली असेल तर ते आत शिरत नाही. सहसा एक-दोन महिने थांबावं लागतं. काकूंना हे सांगेपर्यंत त्यांचा नंबर लागला. रकाना कोराच होता. टेक्निशियनने पेन पुढे केलं.