तारखेच्या कॉलममागचा आकडा

तारखेचा कॉलम एक्सेलच्या एका फाईलमधून उचलून दुसरीत पेस्ट केला आणि १५/०३/२०२३ चं १६/०३/२०२७ झालं, असं घडतं तेव्हा कॉपी करणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. सेलमध्ये तारीख नसतेच, ४५००० हा आकडा असतो. कॉपी होतो तो आकडा. दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे, हे प्रत्येक फाईलचं वेगळं असू शकतं.

१९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने १ जानेवारी १९०० ला १ हा आकडा दिला आणि १९०० हे लीप वर्ष धरलं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप असतं, म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उजाडलाच नाही. तरी ६० हा आकडा आजही त्याच्याच नावावर आहे. मॅकिन्टॉशवर १९८५ मध्ये आलेल्या एक्सेलची मोजणी १९०४ पासून होती. तिथून २०९९ पर्यंत दर चौथं वर्ष लीप येतं, हिशेब सरळ. १९८७ ला एक्सेल विंडोजवर आलं तेव्हा मात्र लोटसच्या फायली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून लोटसचीच मोजणी घेतली, आणि चूकही घेतली.

खरा वाद इथेच आहे. चूक तशीच ठेवण्याची बाजू घेणारे म्हणतात, आता दुरुस्ती केली तर १ मार्च १९०० नंतरच्या जवळपास सगळ्या तारखा एक दिवसाने सरकतील. चूक ठेवली तर बिघडतात ते फक्त १९०० च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांचे वार. आजच्यापुरतं हे पटतं. पण १९८७ ला फायली मोजक्याच होत्या. लोटसची फाईल उघडतानाच आकडे बदलून घेता आले असते आणि पुढच्या पिढ्यांचं ओझं वाचलं असतं. २००७-०८ मध्ये एक्सेलचं फाईल-स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, नसलेला दिवस मानकात कसा लिहायचा, हा आक्षेप जोरात घेतला गेला. भारताचं मत प्रस्तावाच्या विरोधात होतं. शेवटी २०२३-०३-१५ अशी सरळ तारीख साठवायची सोय मानकात आली, पण फायलींत आकडेच जात राहिले.

फॉरमॅटचा घोळ वेगळा. फॉरमॅट बदलला की आकड्याचं दिसणं बदलतं. तारीख मजकूर म्हणून आली असेल तर काहीच बदलत नाही. अमेरिकी सेटिंगच्या मशीनवर ०३/०४/२०१९ चा ४ मार्च होतो, तर २५/०४/२०१९ मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला पडून राहतं. एकाच कॉलममध्ये दोन्ही. पहिला प्रकार जास्त घातक, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. लिहिलेल्या मजकुरातून तारीख अशी आपोआप ओळखण्यापायीच मार्च१ हे जनुकाचं नाव तारीख होऊन बसायचं. २०२० मध्ये अशी नावंच बदलावी लागली.

मॅकवरही २०११ च्या आवृत्तीपासून नवी फाईल १९०० वर चालते. जुन्या फायली १९०४ च घेऊन फिरतात. तिथून आणलेला कॉलम चार वर्षं मागे दिसला, तर रिकाम्या सेलमध्ये १४६२, म्हणजे दोन्ही मोजण्यांमधला दिवसांचा फरक, लिहून ती कॉपी करायची आणि पेस्ट स्पेशलमधल्या बेरजेने कॉलमवर टाकायची.