सतनामसिंग भमरा : 52व्या क्रमांकाआधी आणि नंतर

25 जून 2015च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, चालू होता. जगभरातून आलेल्या तरुण खेळाडूंमधून 60 जण निवडायचे होते. 52व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्स संघाने ज्याचं नाव दिलं, तो 19 वर्षांचा आणि 7 फूट 2 इंच उंचीचा सतनामसिंग भमरा. गाव बल्लोके, जिल्हा बरनाला, पंजाब. आपल्याकडे तेव्हा 26 तारखेची सकाळ उजाडली होती. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ.

त्या सकाळनंतर मराठवाड्यातही हे नाव पोहोचलं. आजही नांदेड-लातूरकडे एखादं लेकरू आठवी-नववीतच सहा फुटाला टेकलं, की घरात नाहीतर शाळेत कुणीतरी म्हणतंच, "याला बास्केटबॉलला घाला." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. सतनामला उंची जन्मानेच मिळाली होती. त्याला वर नेलं ते वेळेवर भेटलेल्या माणसांनी आणि मिळालेल्या सोयींनी. पुढे त्याचं जे अडलं, तेही उंचीमुळे अडलं नाही. म्हणून ही हकिगत मुळापासून सांगायला हवी.

खेळाचं मूळ थोडक्यात. डिसेंबर 1891मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात बसून कंटाळलेल्या मुलांसाठी तो काढला. पीच फळाच्या टोपल्या दहा फुटांवर टांगल्या आणि चेंडू त्यांत टाकायचा. ती दहा फुटांची उंची आजही तशीच आहे. भारतात तो वायएमसीएमार्फतच आला. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1934पासून, फेडरेशन 1950मध्ये. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा भारतीय संघ एकदाच, 1980च्या मॉस्कोला दिसला, तोही अनेक देशांनी बहिष्कार घातला होता तेव्हा. तिथून सतनामच्या निवडीपर्यंत 35 वर्षांचं अंतर आहे.

बल्लोके हे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. शेती आणि पिठाची गिरणी हा घरचा व्यवसाय. वडील बलबीरसिंग स्वतः सात फुटांच्या वरचे. तरुणपणी त्यांना बास्केटबॉल खेळायची इच्छा होती, पण घरच्यांनी शेत सोडून जाऊ दिलं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकरी घराला ही गोष्ट परकी वाटणार नाही. घरातला सगळ्यात धडधाकट गडी मैदानावर पाठवायचा म्हणजे रानातला एक माणूस कमी करायचा. बलबीरसिंगांनी स्वतःच्या वाट्याला आलेला नकार मुलाच्या वाट्याला येऊ दिला नाही. सतनाम नऊ-दहा वर्षांचा असतानाच त्यांनी त्याच्या हातात चेंडू दिला आणि पुढे त्याला लुधियानाला धाडलं. माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. एनबीएचा नंबर त्यानंतरचा.

लुधियाना बास्केटबॉल अकादमीत त्याला डॉ. एस. सुब्रमण्यम यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. खेड्यातून आलेली उंच, अंगाने अवजड पोरं घ्यायची, त्यांना आधी नीट धावायला, मग वळायला, मग चेंडू हातात ठेवायला शिकवायचं, असं तिथलं काम. राहणं, खाणं, शाळा आणि सकाळ-संध्याकाळचा सराव एकाच ठिकाणी. याच मुशीतून पुढे अमृतपालसिंग आला. शेतकऱ्याचा मुलगा, उशिरा या खेळाकडे वळलेला, आणि 2017मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सिडनी किंग्जकडून उतरलेला. पालप्रीतसिंग ब्रारही तिथलाच. म्हणजे सतनाम हा एकट्याने उगवलेला चमत्कार नव्हता. तिथे चांगली मुलं घडत होती आणि त्यातला एक सर्वांत पुढे गेला.

लुधियाना आपल्याला तसं लांबचं नाही. 1708मध्ये गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण नांदेडला झालं, तेव्हापासून पंजाबची वाट गोदाकाठी येते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस लुधियाना स्टेशनावर थांबते. हजूरसाहिबच्या परिसरात पंजाबहून आलेली सहा फुटांपेक्षा उंच माणसं रोज दिसतात. पण त्या गाडीने यात्रेकरू येतात-जातात, खेळाची पद्धत मात्र आली नाही. मराठवाड्यात बास्केटबॉल म्हणजे आजही बहुतेक ठिकाणी शाळा-कॉलेजच्या आवारातलं सिमेंटचं कोर्ट. लोखंडी खांब, पावसाने फुगलेली प्लायवूडची फळी, रिंगला जाळी नाही. जाळी नसली की चेंडू रिंगमधून पडला की बाजूने गेला, यावर रोज संध्याकाळी वाद. मे महिन्यात सहाच्या आधी त्या सिमेंटवर उभं राहवत नाही. आणि खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही ते गुडघ्यांचं. सव्वासहा फुटी, वाढत्या वयाचा मुलगा रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू पकडायला, शंभर वेळा उडी मारून सिमेंटवर उतरतो, तेव्हा प्रत्येक उतरण त्याच्या सांध्यांवर पडते. लाकडी फरशीचं कोर्ट लागतं ते यासाठी.

2010मध्ये सतनाम 14 वर्षांचा होता आणि उंची सात फूट झाली होती. त्या वर्षी आयएमजी ही क्रीडा व्यवस्थापन कंपनी आणि रिलायन्स यांच्या योजनेतून त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनच्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजी जवळपास येत नव्हतं. शाळेचा अभ्यास, भाषा, व्यायामशाळा, आहार, सराव, सगळं एकदमच सुरू झालं. पाच वर्षं तो तिथे राहिला. मधल्या काळात भारताकडूनही खेळला. 2011च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीनमधल्या वुहानला तो उतरला तेव्हा 15 वर्षांचा होता, आणि 2013ला मनिलालाही संघात होता.

आता ड्राफ्टबद्दल, कारण इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहे. ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे एनबीएत नोकरी लागली असं नाही. पहिल्या फेरीतल्या 30 जणांना हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्या 30 जणांचे फक्त हक्क संघाकडे जातात. संघाने करार दिला तर दिला. 52वा क्रमांक म्हणजे दुसरी फेरी आणि तीही शेवटाकडची. सतनाम अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजकडून खेळलेला नव्हता, दुसऱ्या देशातल्या व्यावसायिक लीगमध्येही नव्हता. ड्राफ्टसाठी वयाची अट 19 वर्षांवर नेणाऱ्या 2005च्या नियमबदलानंतर असा थेट शाळेतून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिलाच. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण त्यातच त्याची अडचण होती. कॉलेजच्या संघातली मुलं मोठ्या सामन्यांचा जो सराव करून येतात, तो त्याच्या पदरी नव्हता.

दुसरी अडचण त्याच्या हातातली नव्हतीच. ड्राफ्टच्या नऊ दिवस आधी, 16 जून 2015ला गोल्डन स्टेट वॉरियर्सने क्लीव्हलँडला हरवून अजिंक्यपद जिंकलं. त्या मालिकेत चौथ्या सामन्यापासून वॉरियर्सने आपला सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट बसवला आणि त्याच्या जागी 6 फूट 6 इंचांचा आंद्रे इग्वोडाला सुरुवातीपासून उतरवला. तोच मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळ्या लीगने यातून एकच धडा घेतला : रिंगजवळ उभा राहणारा उंच माणूस आता पुरेसा नाही. स्टीफन करीसारखा खेळाडू रिंगपासून सात मीटरहून जास्त लांबून तीन गुण मिळवत असेल, तर त्याला रोखायला सेंटरनेही बाहेर यायला हवं, बाजूला सरकायला हवं, पुन्हा मागे पळायला हवं. एका चढाईला मिळणाऱ्या 24 सेकंदांत हे दोन-तीन वेळा करावं लागतं. सतनामचा हात मऊ होता, मधल्या अंतरावरून त्याचा नेम चांगला होता, पण पायांचा वेग ही त्याची उणी बाजू. ज्या प्रकारच्या खेळाडूसाठी त्याला दहा वर्षं घडवलं, त्या प्रकारच्या खेळाडूची मागणीच तो दारात पोहोचला तेव्हा घटायला लागली होती. याचं मला फार वाईट वाटतं. हा दोष ना त्याचा, ना लुधियानाच्या प्रशिक्षकांचा.

लास वेगासच्या समर लीगमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंना आजमावायच्या उन्हाळी स्पर्धेत, तो डॅलसकडून खेळला. मग डॅलसच्याच दुय्यम संघात, टेक्सास लेजेंड्समध्ये गेला. तिथे दोन मोसम राहिला, पण मैदानावर मिनिटं फार थोडी मिळाली. एनबीएच्या मुख्य सामन्यात त्याला कधीच उतरता आलं नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू म्हणजे सिम भुल्लर. तो जन्माने कॅनडाचा, आईवडील पंजाबी, उंची 7 फूट 5 इंच. एप्रिल 2015मध्ये, सतनामच्या ड्राफ्टच्या दोनच महिने आधी, तो सॅक्रामेंटो किंग्जकडून मैदानात उतरला. त्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. 2019च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत एनबीएचे दोन सामने झाले, त्यात इंडियाना पेसर्ससमोर हाच किंग्जचा संघ होता. पैसा, मालकी, प्रेक्षक, सगळं भारताकडे वळत होतं. भारतात घडलेल्या खेळाडूची जागा मात्र रिकामीच होती.

2017मध्ये सतनाम परत आला आणि यूबीए या देशी लीगमध्ये खेळला. 2018मध्ये कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एज संघाकडे गेला. एवढ्या उंचीवर जाऊन आलेल्या खेळाडूला देशात धड, वर्षानुवर्षं चालणारी लीग मिळाली नाही, हे भारतीय बास्केटबॉलचं जुनं दुखणं. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरणं म्हणजे प्रत्यक्षात नोकरी : रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पंजाब पोलीस. भारताचा कर्णधार राहिलेला आणि 2020चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा विशेष भृगुवंशीही ओएनजीसीचाच. खेळाडू म्हणून नोकरी लागते, संघाकडून खेळतो, पगार चालू राहतो. मराठवाड्यातले आईबाप हेच गणित मांडतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शालेय विभागीय, मग राज्य स्पर्धा, दहावी-बारावीला क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, नाहीतर पोलीस भरती. उंच मुलाला ही वाट डोळ्यांसमोर दिसते. एनबीएची वाट दाखवणारं जवळ कुणी नसतं.

नोव्हेंबर 2019मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेच्या तयारीच्या शिबिरात सतनामची उत्तेजक चाचणी झाली. नमुन्यात हायजेनामीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि डिसेंबर 2020मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली, नोव्हेंबर 2019पासून मोजून. हायजेनामीन काही वनस्पतींत असतं आणि व्यायामाआधी घ्यायच्या पूरक पावडरींतही आढळतं. डब्यावर ते वेगळ्याच नावाने लिहिलेलं असू शकतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2017च्या यादीत त्याचं नाव स्पष्टपणे घातलं आहे. हा भाग मी मुद्दाम सांगते आहे. आज संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत प्रत्येक गावात जिम आहे आणि प्रत्येक जिममध्ये असा एखादा डबा आहे. जिल्हा पातळीवर खेळणारी मुलं मित्राच्या सांगण्यावरून त्यातला चमचा पाण्यात ढवळून पितात. नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. माहिती नव्हती म्हणून सुटका होत नाही. ज्याच्याभोवती अमेरिकेपासून भारतापर्यंत इतकी माणसं होती, त्याची वर्षं जर यात जाऊ शकतात, तर बीडच्या किंवा हिंगोलीच्या पोराला कोण सावध करणार?

बंदी संपत आली तेव्हा तो 25 वर्षांचा होता. सेंटरसाठी हे भर उमेदीचं वय. पण सप्टेंबर 2021मध्ये त्याने एईडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीशी करार केला आणि एप्रिल 2022मध्ये तिथल्या रिंगणात दिसला. हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवारांच्या लातूर जिल्ह्यात कुस्ती म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. एईडब्ल्यूची कुस्ती तशी नव्हे. तो आधी बांधलेला, तालमी करून सादर केलेला खेळ आहे. त्यालाही अंगमेहनत लागते आणि त्यात त्याला स्थिर उत्पन्न मिळालं. बल्लोकेच्या घराने त्याच्यासाठी जे सोसलं ते पाहता त्याच्या या निर्णयाला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच्यानंतर वाट थोडी रुंद झाली. अमज्योतसिंग 2017मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघात गेला. त्याच वर्षी दिल्लीजवळ एनबीए अकादमी सुरू झाली, तिथला प्रिन्सपालसिंग पुढे एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या, म्हणजे जी-लीगच्या, इग्नाइट संघात पोहोचला आणि 2021ची समर लीग जिंकणाऱ्या किंग्जच्या संघात होता. यातली बहुतेक नावं पंजाबची आहेत, कारण लहानपणीच पोरगं ओळखून त्याला निवासी सरावात ठेवायची सवय त्या राज्याने लावून घेतली. मराठवाड्यात गुण नाहीत असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने सैन्यात जाऊन स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य आणि 2023च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोमध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. पण धावायला रस्ता आणि खो-खोला माती पुरते. बास्केटबॉलला लाकडी कोर्ट, बारा वर्षांच्या वयापासून रोज समोर उभा असलेला प्रशिक्षक, गुडघे तपासणारा डॉक्टर आणि राहण्या-जेवण्याची सोय एकत्र लागते. आठ जिल्ह्यांत मिळून असं एक निवासी केंद्र जरी उभं राहिलं, तरी आठवीत सहा फुटांचं झालेलं लेकरू कुठे पाठवायचं याचं उत्तर आईबापांना देता येईल.