ट्रॅक्टरची पुढची चाकं किंचित आत का वळवतात?

गेल्या आठवड्यात वस्तीवर चुलतभावाच्या जुन्या ट्रॅक्टरची पुढची टायरं पाहिली. दोन्हींची आतली कड गुळगुळीत, बाहेरची मात्र जवळपास नव्यासारखी. वर्षात दुसरी जोडी खाल्ली, म्हणून एक्सलला लिंबू-मिरची बांधली होती. बांधणाऱ्या वहिनींची काळजी खरी आहे. पण रबर झिजतं ते घासण्याने, नजर लागल्याने नाही, आणि ते घासणं टेपने मोजता येतं.

मिस्तरीने टाय रॉडचा, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा, बॉल जॉइंट बदलल्यावर चाकं डोळ्याच्या अंदाजाने ‘सरळ’ लावली होती. गैरसमज इथेच आहे. उभ्या ट्रॅक्टरची चाकं समांतर असली तरी चालत्या ट्रॅक्टरची तशी राहत नाहीत.

स्टीलचा पेला जमिनीवर आडवा करून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, निमुळत्या तळाकडे वळत गोल फिरतो. ट्रॅक्टरचं पुढचं चाकही असंच वागतं. ते वरच्या बाजूला किंचित बाहेर कललेलं असतं, त्याला कॅम्बर म्हणतात. या कलण्याने टायर जिथे जमिनीला टेकतं ती जागा किंगपिनच्या (ज्या उभ्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिच्या) रेषेजवळ येते आणि स्टिअरिंग हलकं होतं. पण कललेल्या चाकाच्या आसाची रेषा बाहेरच्या बाजूला वाढवत नेली, तर ती पुढे कुठेतरी जमिनीला मिळते. चाक त्या बिंदूभोवती फिरू पाहतं. डावं चाक डावीकडे, उजवं उजवीकडे. शिवाय माती चाकाला मागे रेटते. टेकण्याची जागा किंगपिनच्या थोडी बाहेर असल्यामुळे या रेट्याने चाकाचं पुढचं तोंड बाहेर उघडतं आणि जॉइंटमध्ये जेवढा खेळ असेल तेवढं उघडतच जातं. म्हणून चाकं आधीच थोडी आत वळवून ठेवतात. हाच टो-इन. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना तो काही मिलिमीटरच लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो.

आम्ही मोजलं तर दोन चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा 12 मिमी जास्त निघालं, म्हणजे चाकं उलट बाहेर उघडलेली. प्रत्येक चाकाच्या वाट्याला 6 आले. 40 सेंमी व्यासाच्या रिमवर 6 मिमी म्हणजे दीड टक्का. म्हणजे 1 किलोमीटर डांबरी रस्त्यावर प्रत्येक टायर जवळपास 15 मीटर आडवं फरफटत होतं!

मोजण्याची रीत मला फार आवडते. आधी सपाट जागा, दोन्ही टायरांत सारखी हवा, बेअरिंग आणि किंगपिनमध्ये ढिलेपणा नाही याची खात्री. स्टिअरिंग सरळ धरून दोन्ही रिमच्या आतल्या कडेवर, हबच्या म्हणजे चाकाच्या मध्याच्या उंचीला, पुढच्या बाजूने खडूची खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर घ्यायचं. मग ट्रॅक्टर पुढे ढकलायचा, चाक बरोबर अर्धं फिरेल आणि त्याच खुणा मागे हबच्या उंचीला येतील इतका. पुन्हा मोजायचं. जुनं रिम कुठेतरी वाकलेलं असणारच. पण खूण तीच असल्याने ते वाकणं दोन्ही मापांत सारखंच येतं आणि वजाबाकीत निघून जातं. उभ्या जागी पुढचं-मागचं मोजलं, तर रिमचा वाक टो-इन म्हणून आपल्या पदरात पडतो. दोनतीन मिलिमीटरच्या या कामाला टेप आणि खडू पुरतात, लेझर यंत्राची गरज नाही.

टो-इन वाढवायला टाय रॉड एक्सलच्या मागे असेल तर लांब करायचा, पुढे असेल तर आखूड. स्टिअरिंग आर्म (टाय रॉडला चाकाशी जोडणारा हात) 16 सेंमीचा धरला, तर रॉडमधला 1 मिमी बदल रिमवर अडीच मिमी दिसतो, म्हणून पाना जपून फिरवावा.

कापूस किंवा उसाच्या सरीप्रमाणे पुढची चाकं रुंद केली, तर सरळ एक्सलच्या ट्रॅक्टरला टाय रॉडही तेवढाच वाढवून पुन्हा मोजावं लागतं. 1946 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई 20 या ट्रॅक्टरने यावर सुंदर तोड काढली. त्याचा पुढचा एक्सल दोन्ही बाजूंना मागे झुकलेला असतो. चाक बाहेर सरकताना थोडं मागेही सरकतं आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या मागच्या टोकापासूनचं त्याचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. दांडा न छेडता रुंदी बदलते! पुढे मॅसी फर्ग्युसन 35 मध्येही हीच रचना आली.

भावाच्या ट्रॅक्टरला आम्ही पुढून 4 मिमी कमी ठेवून लॉकनट आवळले. आठवडाभर ट्रॉली ओढल्यावर परत खडू घेऊन बसलो. 3 मिमी भरले.