मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याची रचना

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढायचं आणि त्या जागी कृत्रिम लेन्स बसवायची. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, धंतोली-रामदासपेठेत डोळ्यांचे दवाखाने आहेत, खेड्यापाड्यातल्या तपासणी शिबिरातून गाडीने पेशंट आणले जातात, म्हणजे घरटी कोणीतरी आजी-आजोबा हे करून आलेले असतातच. तरी पुष्कळ लोकांची समजूत अशी की डोळ्यावर जाळं येतं आणि डॉक्टर ते वरून खरवडून काढतात. तसं अजिबात नाही. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे असतो, आणि तो काढला की डोळ्याच्या पुढच्या अर्ध्या भागाची मांडणीच कायमची बदलते. हा बदल समजून घेतला की नंतरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी मूळ रचना. सगळ्यात पुढे पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, त्याच्या मागे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली जागा, मग आयरिस म्हणजे रंगीत पडदा आणि त्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली, आणि आयरिसला अगदी लागून मागे भिंग. भिंगाभोवती पारदर्शक पातळ थैली असते, मागच्या बाजूला मधोमध तिची जाडी जेमतेम ४ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश, आणि ही थैली चारी बाजूंनी बारीक धाग्यांनी लटकवलेली असते, त्यांना झोन्यूल म्हणतात. भिंगाच्या मागे जेलीसारखं व्हिट्रियस आणि शेवटी रेटिना म्हणजे प्रकाश टिपणारा मागचा पडदा. आता महत्त्वाचं म्हणजे भिंग आयुष्यभर वाढतच राहतं, नवे थर बाहेरून चढत जातात आणि जुने आत दाबले जातात, तरुणपणी साधारण साडेतीन-चार मिलिमीटर जाड असलेलं भिंग सत्तरीत साडेचार-पाचपर्यंत जातं. एवढ्या लहान जागेत एक मिलिमीटर म्हणजे खूप झालं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढतात आणि काय ठेवतात हे पाहिलं तर सगळं भिंग काढत नाहीत, थैली ठेवतात. फेको नावाच्या पद्धतीत कॉर्नियाच्या कडेला सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा काप घेतात, थैलीच्या पुढच्या भिंतीला साधारण ५ मिलिमीटरचं गोल भोक पाडतात, आणि सेकंदाला हजारो वेळा थरथरणाऱ्या बारीक नळीने आतला कडक गाभा फोडून ओढून घेतात. ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. सरकारी दवाखान्यात आणि शिबिराच्या पेशंटमध्ये बिनटाक्याची दुसरी पद्धतही खूप चालते, तिच्यात पांढऱ्या भागातून बोगद्यासारखा सहा-सात मिलिमीटरचा काप घेऊन गाभा अख्खा बाहेर काढतात. रिकाम्या झालेल्या त्याच थैलीत मग घडी केलेली लेन्स सोडतात, ती आत उलगडते आणि तिचे दोन पाय थैलीच्या कडेला टेकतात, पुढच्या काही आठवड्यांत थैली आक्रसून लेन्सला घट्ट धरते. पहिली कृत्रिम लेन्स १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी बसवली होती. त्याच्या आधी, आणि आपल्याकडे तर नंतरही कित्येक वर्षं, भिंग काढल्यावर जागा रिकामीच राहायची, म्हणून जुन्या लोकांच्या डोळ्यांवर ते +१० च्या आसपासचे जाड चष्मे असायचे, ज्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसायचं. सुश्रुतसंहितेतली पद्धत तर आणखी वेगळी, तिच्यात भिंग बाहेर काढायचेच नाहीत, आतच बाजूला ढकलायचे.

आता बदल. ४-५ मिलिमीटर जाड भिंग गेलं आणि त्या जागी मध्यावर साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ लेन्स आली, म्हणजे बरीच जागा रिकामी झाली. आयरिस आधी जाड भिंगावर टेकून पुढे फुगलेला असतो, मांडवाचं कापड मधल्या बांबूवर ताणलेलं असतं तसा, बांबू काढला की कापड खाली बसतं आणि आयरिसही तसाच मागे जाऊन सपाट होतो. त्यामुळे कॉर्निया आणि आयरिसमधली जागा खोल होते, कडेचा कोन उघडतो, आणि याच कोनातून डोळ्याच्या आतला पाण्यासारखा द्रव बाहेर जात असल्यामुळे डोळ्याचं प्रेशर बहुतेकांचं थोडं कमी होतं. ज्यांचा कोन मुळातच अरुंद आहे त्यांना याचा मोठा फायदा, त्यांच्यासाठी हे काचबिंदूवरचं, म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढून नस खराब होण्याच्या आजारावरचं, ऑपरेशनही ठरतं.

इथेच आपल्या भागातल्या एका जुन्या सवयीबद्दल बोललं पाहिजे. "अजून पिकला नाही ना जी, राहू द्या" असं म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, नाहीतर उन्हाळा नको, दिवाळीनंतर करू म्हणतात. टाक्यांचा मोठा काप असायचा तेव्हाची ती सवय आहे, आज त्याला आधार नाही. उलट जास्त पिकलेलं भिंग फुगून आयरिसला इतकं पुढे ढकलू शकतं की कोन बंद होऊन एकदम प्रेशर चढतं, डोळा लाल, असह्य दुखणं, उलट्या, आणि वेळेत उपचार नाही झाला तर डोळ्याची नस कायमची खराब. शिवाय गाभा दगडासारखा झाला की तो फोडायला जास्त ताकद लागते आणि त्याचा मार कॉर्नियाच्या आतल्या पेशींवर बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, प्रत्येक ऑपरेशनमध्ये काही जातातच, आणि फारच कमी उरल्या तर कॉर्निया सुजून पांढरा पडतो.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांचा आयरिस ऑपरेशनमध्ये ढिला पडून लडबडतो, म्हणून गोळी चालू असो की बंद केलेली असो, डॉक्टरांना आधीच सांगायचं.

मागच्या बाजूलाही हालचाल होते. व्हिट्रियसला पुढे सरकायला जागा मिळते, ती जेली रेटिनापासून सुटण्याची शक्यता वाढते आणि त्यात कधीकधी रेटिनाला फाट पडते, मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना हा धोका जास्त. अचानक खूप काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा एका बाजूने सावली दिसून राहिली तर त्याच दिवशी दाखवायचं, ऑपरेशनला दोन वर्षं झाली असली तरी.

नजरेचं म्हणाल तर नैसर्गिक भिंग आकार बदलून जवळ-लांब फोकस करायचं, साधी लेन्स ते करत नाही, म्हणून वाचायला चष्मा लागतो. पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवायचं, तो आता आत येतो आणि निळे-पांढरे रंग पहिले काही दिवस फारच लख्ख वाटतात.

"मोतीबिंदू परत आला" असं जे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ऐकू येतं तो खरं म्हणजे परत येतच नाही. थैलीच्या कडेला राहिलेल्या भिंगाच्या पेशी मागच्या भिंतीवर पसरतात आणि ती धुरकट होते, याग लेझरने तिच्या मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी पाडली की काही मिनिटांत काम होतं, भरती व्हावं लागत नाही. पण थैलीत अशी खिडकी पडल्यावर आतली लेन्स बदलणं खूप अवघड होतं, त्यामुळे लेन्सच्या नंबरबद्दल तक्रार असेल तर ती लेझरच्या आधीच डॉक्टरांपुढे मांडायला हवी, आणि डिस्चार्जच्या वेळी मिळालेलं लेन्सचं कार्ड तेव्हा कामी येतं.